तपासणीतून सुटलेला रकाना

ओव्हाळभाऊ कुठलाही फॉर्म भरायच्या आधी त्यातल्या चौकटी मोजायचे. पेनाचं टोपणसुद्धा काढायचे नाहीत. कागद हातभर लांब धरायचा, चष्म्याच्या वरून बघायचं आणि ओठ हलवत मोजायचं. मोजून झालं की समोरच्याला पहिला प्रश्न, "ह्यातल्या किती तुमाला खरंच लागत्यात?" एकदा तळेगावातल्या एका बँकेत खातं उघडायच्या फॉर्मात त्यांना फॅक्स नंबरची चौकट दिसली. ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "मशीन दावा, मग नंबर देतो." ती बिचारी हसली. हे हसले नाहीत. मग मॅनेजर आले. ती चौकट कोणीच भरत नाही, असं त्यांनी समजावलं, तर हे म्हणाले, "मग छापली कशाला? कुणीतरी मागितली असंल ना?" खातं काही त्या दिवशी उघडलं नाही. मी माझ्या कामासाठी त्यांच्यामागे रांगेत उभी होते आणि हा माणूस आमच्या ऑफिसातला आहे हे कोणाला कळू नये म्हणून मोबाइलमध्ये तोंड खुपसून होते.

आमचं ऑफिस म्हणजे तळेगाव स्टेशनजवळ एका औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि सात माणसं. दवाखाने, क्लासेस, सोसायट्या, छोटे कारखाने यांना लागणारी सॉफ्टवेअर्स आम्ही करायचो. मी तिथे प्रोग्रामर होते. मालकांना आम्ही सर म्हणायचो. सरांना एक टेस्टर हवा होता आणि टेस्टिंगचा कोर्स केलेली मुलं पुण्याच्या अलीकडे थांबायला तयार नव्हती. तेवढ्यात सुदुंबऱ्याचे दत्ता ओव्हाळ एका कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन बाहेर पडले होते. गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. कॉम्प्युटरचा गंध नव्हता. सरांनी त्यांना मुलाखतीत आमचा एक फॉर्म दाखवला आणि कसा वाटतो विचारलं. भाऊंनी अर्धा तास घेतला आणि म्हणाले, "ह्यो लॉट रिजेक्ट." नोकरी पक्की झाली.

वयाने ते माझ्या वडलांएवढे, पण मला पहिल्या दिवसापासून 'म्याडम' आणि अहो-जाहो. मी एकदा म्हटलं, "भाऊ, मला वैशाली म्हणा की." तर म्हणाले, "अगं-तुगं केलं की माणूस गाफील व्हतो. मीबी आन् तुमीबी." तेव्हा मला याचा राग आला होता. वाटलं, हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्यावर डूख धरून आहे.

संशय घेणं हे त्यांचं काम होतं आणि तोच त्यांचा स्वभावही होता. स्वतःचा कप घरून आणायचे आणि चहा ओतण्याआधी तो उजेडात धरून बघायचे. औषधाच्या दुकानातून क्रोसिनची पट्टी घेतली तरी जिना चढेपर्यंत तारीख दोनदा वाचायचे. कोणी म्हणालं, "भाऊ, काम झालं," तर "बघितलं, का ऐकलं?" असं विचारायचे. ऐकलं असेल तर त्यांच्या लेखी ते झालेलं नसायचंच. सरांनी त्यांच्या वाढदिवसाला केक आणला तेव्हा त्यांनी आधी खोक्यावरचं नाव वाचलं आणि मग खोलीतल्या प्रत्येकाकडे बघितलं. ऑफिसात दिलेल्या फॉर्मवरची जन्मतारीख त्यांनी मुद्दाम एक दिवसाने चुकवली होती, माहिती कुठून कुठे पोचते ते कळावं म्हणून. केक चुकीच्या दिवशी आला आणि ते समाधानाने म्हणाले, "म्हंजी हापिसातनंच फुटली."

आता माझ्या पराक्रमाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय भाऊ समजायचे नाहीत. आळशी माणसाला सुचतं तसं मला एक सुचलं होतं. कुठल्याही सॉफ्टवेअरची माहिती शेवटी टेबलात साठवलेली असते. टेबलाला कॉलम असतात, भाऊंच्या भाषेत रकाने. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासाठी आधी हे कॉलम करा आणि मग त्याच कॉलमांसाठी पुन्हा हाताने फॉर्म लिहा, हा मला ताप वाटायचा. मग मी एक कोड लिहिला. तो टेबलाचे कॉलम स्वतःच वाचून काढायचा आणि फॉर्म स्वतःच बनवायचा. कॉलम अक्षरांचा असेल तर लिहायची चौकट, तारखेचा असेल तर कॅलेंडर, हो-नाहीचा असेल तर टिकमार्क. कॉलम रिकामा ठेवायची मुभा नसेल तर शेजारी लाल चांदणी. कॉलमात आधीपासून एखादी किंमत ठरवून दिलेली असेल तर चौकटीत ती आयतीच भरलेली दिसायची. चार दिवसांचं काम चार मिनिटांत. सरांनी सगळ्यांना वडापाव खिलवला. मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

भाऊंनी तो कोड समजून घेतला. एकेक ओळ विचारून, दोन दिवस. मग त्यातून निघालेला पहिला फॉर्म तपासायला घेतला. एका कराटे क्लासचा होता. संध्याकाळी त्यांनी तो भरून माझ्यापुढे ठेवला. त्यात 'नोंद तयार झाल्याची वेळ' अशी लाल चांदणीची एक चौकट होती. ही वेळ कॉम्प्युटरच आपली आपण टाकत असतो, माणसाने भरायची ती नव्हेच. पण टेबलात कॉलम होता, म्हणून माझ्या कोडने इमानेइतबारे तो फॉर्मवर आणला होता. त्यात भाऊंनी लिहिलं होतं, 'अंदाजे पावणेबारा, पण खात्री नाही.'

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, पण तो लाज दाबण्याचाच प्रकार होता. मग मी कोडमध्ये वगळायची यादी घातली. जे कॉलम फॉर्मवर दिसायला नकोत त्यांची नावं त्या यादीत लिहायची, बाकी सगळे दिसतील. मला वाटलं मिटलं. भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले.

"म्याडम, ही यादी उलटी हाय."

"कशी?"

"लग्नाला कुणाला बोलवायचं त्याची यादी करत्यात, का कुणाला न्हाई बोलवायचं त्याची? तुमी दार उघडं टाकलंय आन् चार जणांची नावं लिवून ठिवलीत की ह्यांना आत सोडू नका. पाचवा आला म्हंजी?"

"अहो, घ्यायच्या कॉलमांची यादी ठेवली तर नवीन कॉलम आला की दर वेळी ती बदलायला लागेल."

"लागू द्या की. तेवढंच एकदा कुणी तरी इचारंल, हे कोण मागतंय."

"आणि वेळ?"

"आमी एकेक नट तपासायचो, तवा बी मालक हेच म्हणायचा."

मी त्यांचं ऐकलं नाही. खरं तर ते बरोबर आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. पण वडापाव माझ्या कोडचा खाल्ला गेला होता, आणि कालपर्यंत माऊस उलटा धरणाऱ्या माणसाने मला यादी सुलटी करायला सांगावी, हे घशाखाली उतरेना.

त्यानंतर माझा त्यांच्यावरचा संशय वाढतच गेला. ते रोज संध्याकाळी माझ्या फॉर्मचे मोबाइलवर फोटो काढायचे. का काढता, विचारलं तर "उद्या बघाया" एवढंच. मला पक्कं वाटलं की हे सरांना दाखवायला असणार. मी एकदा सरांच्या केबिनबाहेर उगाच पाण्याची बाटली भरत उभी राहिले. आत भाऊ सांगत होते की जिन्याच्या तिसऱ्या पायरीची फरशी हलते. एवढंच. तरी मी मनात म्हटलं, मी उभी आहे हे त्यांना दिसलं असणार, म्हणून विषय बदलला. फोटोंचं खरं कारण मला पुढे कळलं. कालच्या आणि आजच्या फॉर्ममध्ये कोणी गुपचूप काही बदललं का, ते रोज सकाळी फोटो शेजारी धरून ताडून बघायचे.

त्यांच्याबरोबर कुठे बाहेर जाणं म्हणजे परीक्षाच. एकदा लोणावळ्याला एका हॉटेलचं काम दाखवून परतताना मी म्हटलं, भजी खाऊ. गाडीवाल्याने कांदाभजी कागदावर घालून दिली. मी दोन खाल्ली असतील, भाऊ मात्र कागद तिरका करून तेलाच्या डागातून काहीतरी वाचत होते. ती कुठल्या तरी हॉटेलात उतरलेल्या बाईच्या ओळखपत्राची झेरॉक्स होती. फोटो, पत्ता, जन्मतारीख, सगळं. भाऊंनी भजी पुन्हा गाडीवाल्याच्या ताटलीत ओतली.

"हा कागद कुटनं आणला?"

"रद्दीतनं, दादा. का, खराब हाय का?"

"किती हायेत?"

गठ्ठा चांगला वीतभर होता. भाऊंनी तो सगळा विकत घेतला, स्टेशनच्या कट्ट्यावर बसून एकेक कागद बारीक फाडला आणि तुकडे तीन वेगवेगळ्या कचरापेट्यांत टाकले. आमची लोकल गेली. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, ही माणसं कोण, कुठली, तुम्हाला काय त्यांचं?"

"त्यांनी भरवशानं दिलं व्हतं ना कुणाला तरी."

पुढची गाडी यायला तासभर होता. तेव्हा त्यांनी मला आबांची, म्हणजे त्यांच्या वडलांची गोष्ट सांगितली. छप्पन साली घराने धम्म घेतला होता. पुढे भाऊंना शाळेत घालताना आबांनी धर्म 'बौद्ध' असा सांगितला. मास्तरांनी जुनीच जात लिहिली. आबा पुन्हा गेले. मास्तर म्हणाले, लिहितो. नाही लिहिलं. तिसऱ्या खेपेला आबा कामाचा खाडा करून गेले, तर मास्तर म्हणाले, रजिस्टरात तसा रकाना नाही, मी तरी काय करू.

"मग?"

"मग काय. आबा म्हनले, तुमी रकाना वडा, मी पट्टी धरतो. आन् धरली की पट्टी. मास्तरनं वडला." भाऊ पहिल्यांदाच जरा हसले. "तवापास्नं मला वाटतं, रकाना म्हंजी काय देवानं न्हाई केलेला. कुणीतरी पट्टी धरून वडलेला असतोय. कोण वडतंय ते बघायचं."

त्याच दिवशी मी धीर करून विचारलं की तुम्ही सतत सगळ्यांवर संशय घेता, त्याचा कंटाळा नाही येत? त्यांना प्रश्नच कळला नाही. "सगळ्यांवर कुटं? संशय वस्तूवर घ्यायचा, म्याडम. माणसावर घेतला की वस्तू तपासायची राहून जाती." मला ते तेव्हा पटलं नाही. मला वाटलं, हे बोलायला बरं आहे.

मग खंडाळ्याचं काम आलं. घाटाच्या कडेला बंगल्यांची एक वसाहत आहे. मालक मुंबईचे, शनिवार-रविवारी येणारे. तिथे काम करणाऱ्या स्वयंपाकिणी, माळी, ड्रायव्हर, वॉचमन यांची नोंद करून प्रत्येकाला गेटपास द्यायचा होता. सोमवारपासून पासाशिवाय कोणाला आत सोडणार नव्हते. म्हणजे पास नाही त्याचं काम गेलं, इतकं ते सरळ होतं. फॉर्म अर्थातच माझ्या कोडने बनवला. शुक्रवारी भाऊंनी तो तपासला. एकोणीस चौकटी. तीन त्यांनी आधीच भांडून काढायला लावल्या होत्या.

शनिवारी दुपारी वसाहतीच्या सेक्रेटरींचा मला थेट फोन आला. सर एका लग्नाला गेले होते.

"एक छोटं काम आहे, मॅडम. आमच्या आतल्या वापरासाठी एक कॉलम टाका. संशयित, हो किंवा नाही. सुरुवातीला सगळ्यांना हो ठेवा. आम्ही चौकशी करून एकेकाचं नाही करत जाऊ. आणि हो असेल तोवर पास थांबवा. स्टाफला हे दिसायचं कारण नाही."

मी काहीच विचारलं नाही. दोन ओळींचं काम. कॉलम टाकला, सुरुवातीची किंमत 'हो' ठेवली, फॉर्म जमा होताना 'हो' असेल तर पास थांबवायचा नियम लिहिला. वगळायच्या यादीत त्याचं नाव घालायचं मात्र राहून गेलं. भाऊ समोरच बसले होते. त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं हे कोण मागतंय, आणि माझा शनिवार गेला असता.

रविवारी सकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये दोन टॅब मांडले. भाऊ मदतीला, मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. बाहेर तीस-पस्तीस माणसं रांगेत होती. पहिल्या हिराबाई. पन्नाशीच्या, खंडाळ्याच्याच, एका बंगल्यात चौदा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या. भाऊ दुसऱ्या टॅबवर एका ड्रायव्हरला बसवत होते, तोवर हिराबाईंनी एक एक अक्षर लावत आपला फॉर्म स्वतःच भरला, जमा केला आणि मला येऊन सांगितलं, "बाई, शेवटची खूण आधीच केलेली व्हती. ती तशीच ठिवली मी." मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "बरं केलंत, मावशी."

तेवढ्यात भाऊंचा आवाज आला. "थांबा. हात लावू नका." त्यांनी टॅबवर पंजा ठेवला होता. मोजून झालं होतं त्यांचं. ड्रायव्हरने मात्र त्याआधीच वाचलं होतं. "संशयित," तो मोठ्यांदा म्हणाला, "आन् टिक बी मारलीय."

आधी लोक हसले. मग एक माळी म्हणाला, "कुणावर? आमच्यावर?" मग कोणी हसलं नाही. हिराबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला ते वाचाया आलं की. पर सायबलोकांनी केलेली खूण आपण कशाला काडायची, म्हणून न्हाई काडली."

भाऊ माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, परवा एकोणीस व्हत्या." मी कानापर्यंत लाल झाले. घाईघाईने कॉलमचं नाव वगळायच्या यादीत टाकलं. दोन मिनिटांत चौकट दिसेनाशी झाली. सेक्रेटरी पांढरे बूट वाजवत आले आणि टाळी वाजवून म्हणाले, "चला, तांत्रिक चूक होती. लाइन सुरू करा."

भाऊ हलले नाहीत. "फॉर्मातनं गेला. टेबलातनं गेला का?"

मी लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवला.

मग त्यांनी रांगेकडे तोंड केलं. आवाज चढवला नाही, कारखान्यात लॉट परत पाठवताना बोलत असतील तसे ते बोलले. "ऐका. फॉर्मातनं काडलाय, पर आत हाय अजून. तुमी जमा केलं की तुमच्या नावापुढं 'व्हय' लागणार, आन् पास अडकणार. मला ठाऊक व्हतं आन् सांगितलं न्हाई असं नगं."

माणसं बाहेर जाऊन कट्ट्यावर बसली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, नुसती बसली. रविवार होता, बंगले पाहुण्यांनी भरलेले. दहा वाजेपर्यंत सेक्रेटरींचा फोन थांबेना, कारण कुठे नाश्ता नव्हता, कुठे गाडी काढायला माणूस नव्हता. अकराला त्यांनी दातओठ खात मला सांगितलं, काढा तो कॉलम. मी काढला. भाऊ माझ्यामागे उभे राहून टेबलाचे रकाने मोजत होते. मोजून बाहेर गेले आणि म्हणाले, "गेला. बघून सांगतोय." मग फॉर्म भरले गेले. हिराबाईंचा मात्र आधीच जमा झाला होता आणि माझ्या नियमाने त्यांचा पास थांबवून टाकला होता. कॉलम गेला तरी थांबवलेला पास आपोआप सुटणार नव्हता. भाऊंच्या ते लक्षात होतं. "त्या बाईंचं काय?" मी म्हटलं, "उद्या ऑफिसातून मोकळा करते."

उद्या वेगळाच उजाडला. सेक्रेटरींचं पत्र आलं होतं. टेस्टिंग ढिसाळ आहे आणि तुमच्या माणसाने आमची आतली बाब बाहेरच्यांना सांगितली. सरांनी सगळ्यांना बोलावलं. भाऊ म्हणाले, "मी शुक्रवारी तपासला तवा एकोणीस रकाने व्हते. शनवारी कुणीतरी इसावा घातला. मला इचारलं न्हाई."

"कोणी घातला?" सरांनी विचारलं.

मी लॅपटॉपच्या कीबोर्डकडे बघत राहिले. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. कोडमध्ये कोणी काय बदललं याची नोंद असते आणि ती कशी बघायची हे मीच त्यांना शिकवलं होतं. ते काही बोलले नाहीत. सरांनीही पुढे विचारलं नाही. गिऱ्हाईक मोठं होतं, कोणाला तरी काढायलाच हवं होतं आणि लोकांपुढे उभं राहून बोलले होते ते भाऊच. पंधरा दिवसांची मुदत दिली. लॉगिन मात्र त्याच दुपारी बंद केलं.

ते पंधरा दिवस भाऊ रोज वेळेवर येत राहिले. बंद स्क्रीनसमोर बसून जुन्या छापील कागदांवर खुणा करत राहिले. मला दोनदा म्हणाले, "म्याडम, तेवढं त्या बाईंचं बघा." मी दोन्ही वेळा हो म्हटलं. का केलं नाही? कारण हिराबाईंची ती ओळ उघडली असती तर मला माझं शनिवारचं काम दिसलं असतं, आणि मला ते बघायचं नव्हतं. एवढंच कारण. दुसरं चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं.

शेवटच्या दिवशी निरोपाला सामोसे आणले होते. भाऊंनी एकही खाल्ला नाही, पिशवीत चष्म्याची डबी आणि कप टाकला, प्रत्येकाला नमस्कार केला आणि माझ्या टेबलापाशी थांबले.

"म्याडम, हिराबाईंचा पास निघाला का?"

"निघाला, भाऊ," मी म्हटलं.

मी वाट बघत होते की ते म्हणतील, दाखवा. मी मनात सबबही जुळवली होती, सर्व्हर बंद आहे म्हणून. ते म्हणाले, "बरं झालं. माझ्या जिवाला लागून राहिलं व्हतं." आणि खरोखर त्यांचा चेहरा सैल झाला. मग ते जिना उतरून गेले.

मी खुर्चीत बसले आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती ओळ उघडली. पास थांबवलेला. मी तो मोकळा केला, नीट झाला का ते दोनदा बघितलं आणि वसाहतीच्या गेटवर फोन लावला. वॉचमन म्हणाला, "हिराबाई व्हय? लय दिवस रोज सकाळी येऊन गेटला उभी ऱ्हायची. आत सोडता येईना. बंगल्यावाल्यांनी दुसरी बाई ठिवली परवा. आता येत न्हाई ती."

खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे सुदुंबऱ्याच्या बाजूला जाणारी रिक्षा उभी होती आणि भाऊ तिच्यात बसलेले होते. ड्रायव्हर सीटा भरायची वाट बघत होता. भाऊंनी पिशवी मांडीवर घेतली होती आणि शेजारच्या म्हाताऱ्याला काहीतरी सांगत ते चक्क हसत होते. एक बाई येऊन बसली, मग दोन मुली. दहा मिनिटं तरी गेली असतील. जिना उतरून रस्ता ओलांडायला दोन मिनिटं पुरली असती. रिक्षा भरली आणि निघून गेली. मी खाली गेले नाही.